हेडली व्हेरिटी

हेडली व्हेरिटी (१८ मे १९०५ – ३१ जुलै १९४३) हे इंग्लंडचे व्यावसायिक क्रिकेटपटू होते. डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज म्हणून ते १९३० ते १९३९ या काळात यॉर्कशायर काउंटीकडून आणि १९३१ ते १९३९ या काळात इंग्लंडकडून खेळले. प्रथम श्रेणीच्या ३७८ सामन्यांत त्यांनी १४.९० च्या सरासरीने १,९५६ बळी मिळवले. ४० कसोटी सामन्यांत त्यांच्या नावावर २४.३७ च्या सरासरीने १४४ बळी आहेत. १९३२ साली नॉटिंगहॅमशायरविरुद्ध त्यांनी १० धावांत १० बळी घेतले. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील एका डावातील ही आजही सर्वोत्तम कामगिरी आहे. दुसऱ्या महायुद्धात सिसिलीच्या लढाईत ते जखमी झाले आणि इटलीत युद्धकैदी असताना वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

व्हेरिटी यांची संपूर्ण काउंटी कारकीर्द केवळ दहा हंगामांची होती. या दहांपैकी सात हंगामांत (१९३१, १९३२, १९३३, १९३५, १९३७, १९३८ आणि १९३९) यॉर्कशायरने काउंटी अजिंक्यपद पटकावले. ओल्या खेळपट्टीवर प्रतिस्पर्ध्यांना झटपट गुंडाळणारा गोलंदाज अशी त्यांची ख्याती असली, तरी त्यांच्या यशाचा मोठा भाग रोजच्या दीर्घ, शिस्तबद्ध आणि काटकसरी गोलंदाजीवर उभा होता.

पार्श्वभूमी : व्यावसायिक काउंटी क्रिकेटपटू

दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमधील प्रथम श्रेणी क्रिकेटपटू दोन वर्गांत विभागलेले होते. हौशी खेळाडूंना खेळण्याचे मानधन मिळत नसे. ते बहुधा सुस्थितीतील घरांतून आणि विद्यापीठांतून आलेले असत व ‘जंटलमेन’ म्हणून ओळखले जात. व्यावसायिक खेळाडू म्हणजे ‘प्लेयर्स’ हे मात्र काउंटीचे वेतनदार नोकर असत. अनेक मैदानांवर दोन्ही वर्गांसाठी स्वतंत्र कपडे बदलण्याच्या खोल्या आणि मैदानात उतरण्यासाठी स्वतंत्र दरवाजे होते. संघाची सर्वाधिक धावा करणारी व बळी घेणारी मंडळी व्यावसायिक असली, तरी कर्णधारपद सामान्यतः हौशी खेळाडूकडे जाई. व्हेरिटी यांच्या काळात यॉर्कशायरचे सर्व नियुक्त कर्णधार हौशी होते. त्यांपैकी ब्रायन सेलर्स हे १९३३ पासून दीर्घकाळ त्या पदावर राहिले. हौशी व व्यावसायिक हा भेद १९६२ च्या हंगामानंतर संपुष्टात आला.

व्यावसायिकाचे उत्पन्न मुख्यतः उन्हाळ्यातील सामन्यांवर अवलंबून असे. काउंटीचे सामने तीन दिवसांचे असत व रविवार वगळता आठवडाभर ते एकापाठोपाठ एक चालत. हिवाळ्यात उदरनिर्वाहाचा प्रश्न उभा राही. काही जण परदेश दौऱ्यावर जात, तर काही जण शिकवणीची कामे पत्करत. यॉर्कशायरचे विल्फ्रेड ऱ्होड्स आणि रॉय किल्नर हे दोघेही हिवाळ्यात प्रशिक्षक म्हणून भारतात येत असत. अशाच एका मुक्कामाहून परतताना किल्नर यांना विषमज्वर झाला आणि एप्रिल १९२८ मध्ये त्यांचे निधन झाले. किल्नर हेही डावखुरे फिरकी गोलंदाज होते. ऱ्होड्स तेव्हा पन्नाशीत होते. त्यामुळे यॉर्कशायरला नव्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची निकड भासू लागली आणि व्हेरिटी यांच्यासाठी संघाचे दार किलकिले झाले.

प्रारंभिक जीवन

व्हेरिटी यांचा जन्म लीड्स शहरातील हेडिंग्ले या भागात झाला. यॉर्कशायरचे प्रसिद्ध मैदान याच भागात आहे. त्यांचे बालपण जवळच्या रॉडन या गावात गेले. वडील कोळशाच्या व्यवसायात होते व शाळा सोडल्यानंतर व्हेरिटी यांनी काही काळ त्यांच्या कामात मदत केली. स्थानिक क्लबकडून खेळत असताना ते डावखुरी मध्यमगती गोलंदाजी करत.

यॉर्कशायरच्या संघात लगेच जागा मिळण्याची चिन्हे नसल्याने त्यांनी शेजारच्या लँकेशायरमधील लीग क्रिकेटचा मार्ग धरला. या लीगमधील क्लब शनिवारच्या सामन्यांसाठी पगारी खेळाडू नेमत. १९२७ साली व्हेरिटी ॲक्रिंग्टन क्लबचे व्यावसायिक खेळाडू झाले. मात्र तेथे त्यांना फारसे यश आले नाही. त्यानंतर ते मिडलटन क्लबकडे गेले. १९२८ मध्ये वॉरविकशायर काउंटीने त्यांची चाचणी घेतली, पण त्यांना नाकारले.

याच काळात यॉर्कशायरचे माजी अष्टपैलू खेळाडू आणि प्रशिक्षक जॉर्ज हर्स्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मध्यमगती सोडून फिरकी गोलंदाजी स्वीकारली. बावीस-तेवीस वर्षांच्या व्यावसायिकाने आपली मूळ शैली बदलणे हे जोखमीचे होते, कारण लीगमधील करार प्रत्येक हंगामातील कामगिरीवर अवलंबून असे. हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीला कलाटणी देणारा ठरला.

यॉर्कशायरमध्ये पदार्पण

मे १९३० मध्ये व्हेरिटी यांनी यॉर्कशायरकडून पहिला सामना खेळला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. ऱ्होड्स अजून संघात असल्याने त्या हंगामात त्यांना सर्व सामने मिळाले नाहीत. तरीही त्यांनी १२.४२ च्या सरासरीने ६४ बळी घेतले आणि राष्ट्रीय सरासरीच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला. हंगामाच्या अखेरीस ऱ्होड्स निवृत्त झाले. टेड पीट, बॉबी पील आणि ऱ्होड्स अशी यॉर्कशायरच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांची अखंड परंपरा होती. तिचे वारसदार आता व्हेरिटी झाले. त्यांनी आपल्या थोरल्या मुलाचे नाव विल्फ्रेड असे ठेवले.

१८ मे १९३१ रोजी, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, व्हेरिटी यांनी हेडिंग्ले येथे एका डावात ३६ धावांत सर्व १० बळी घेतले. प्रतिस्पर्धी होता वॉरविकशायर, म्हणजे तीन वर्षांपूर्वी त्यांना नाकारणारी काउंटी. त्या हंगामात त्यांनी १८८ बळी मिळवले. विस्डेन या क्रिकेट वार्षिकाने १९३२ च्या अंकात वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये त्यांची निवड केली. त्याच यादीत यॉर्कशायरमधील त्यांचे सहकारी आणि मित्र बिल बोज, तसेच पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांचाही समावेश होता.

१० धावांत १० बळी

जुलै १९३२ मध्ये हेडिंग्ले येथे नॉटिंगहॅमशायरविरुद्धचा सामना झाला. नॉटिंगहॅमशायरने पहिल्या डावात २३४ धावा केल्या होत्या. यॉर्कशायरची धावसंख्या ९ बाद १६३ असताना वादळी पावसाने खेळ थांबवला. १२ जुलै रोजी, म्हणजे शेवटच्या दिवशी, यॉर्कशायरने ७१ धावांनी मागे असतानाच डाव घोषित केला. भिजलेली खेळपट्टी उन्हाने सुकू लागली की चेंडू अनपेक्षित वळतो व उसळतो; त्या अवस्थेचा लाभ घेण्याचा हा डाव होता.

उपाहारापर्यंत नॉटिंगहॅमशायरने एकही गडी न गमावता ३८ धावा केल्या होत्या. त्यानंतर मात्र संपूर्ण संघ ६७ धावांत बाद झाला. व्हेरिटी यांनी १९.४ षटके टाकली. त्यांपैकी १६ निर्धाव होती आणि उरलेल्या षटकांत १० धावा देऊन त्यांनी सर्व १० गडी बाद केले. त्यात एक हॅटट्रिकही होती. विजयासाठी लागणाऱ्या १३९ धावा पर्सी होम्स आणि हर्बर्ट सटक्लिफ या सलामीच्या जोडीनेच पूर्ण केल्या.

पुढच्याच वर्षी, १४ जुलै १९३३ रोजी, लेटन येथे एसेक्सविरुद्ध त्यांनी एकाच दिवसात दोन्ही डाव मिळून ९१ धावांत १७ बळी घेतले. इंग्लिश क्रिकेटमध्ये एका दिवसात १७ बळी मिळवण्याची कामगिरी त्यांच्याखेरीज केवळ केंटचे कॉलिन ब्लाइथ (१९०७) आणि ग्लॉस्टरशायरचे टॉम गॉडर्ड (१९३९) यांनी केली आहे.

कसोटी कारकीर्द

ऑस्ट्रेलिया दौरा, १९३२-३३

व्हेरिटी यांनी १९३१ मध्ये ओव्हल मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण केले. पुढील वर्षी डग्लस जार्डीन यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियास गेलेल्या संघात त्यांची निवड झाली. शरीरवेधी वेगवान गोलंदाजीमुळे हा दौरा ‘बॉडीलाइन’ नावाने गाजला. हॅरॉल्ड लारवूड आणि बिल व्होस विश्रांती घेत असताना दुसऱ्या टोकाकडून धावा रोखून धरणे, ही जबाबदारी व्हेरिटी यांच्यावर होती. पाचपैकी चार कसोटी सामन्यांत त्यांनी ११ बळी घेतले. त्यांपैकी पाच बळी सिडनी येथील अखेरच्या कसोटीच्या दुसऱ्या डावात ३३ धावांत मिळाले. ब्रिस्बेन कसोटीत आजारपणामुळे रुग्णालयात दाखल झालेले एडी पेंटर फलंदाजीसाठी मैदानावर परतले, तेव्हा व्हेरिटी यांनी त्यांच्यासह नवव्या गड्यासाठी ९२ धावांची भागीदारी केली. जार्डीन आणि व्हेरिटी यांना परस्परांविषयी मोठा आदर होता. व्हेरिटी यांच्या धाकट्या मुलाचे नाव डग्लस हे जार्डीन यांच्यावरून ठेवलेले आहे.

भारत दौरा, १९३३-३४

पुढच्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ जार्डीन यांच्याच नेतृत्वाखाली भारतात आला. जार्डीन यांचा जन्म मुंबईचा होता. भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना १५ ते १८ डिसेंबर १९३३ या दिवशी मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. सी. के. नायडू भारताचे कर्णधार होते. मुंबईचे विजय मर्चंट आणि एल. पी. जय यांनी या सामन्यात कसोटी पदार्पण केले, तर लाला अमरनाथ यांनी दुसऱ्या डावात ११८ धावा करून भारताचे पहिले कसोटी शतक नोंदवले. इंग्लंडकडून व्हेरिटी गोलंदाजी करत असताना भारताच्या बाजूने रुस्तमजी जमशेदजी हे मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी आपली पहिली आणि एकमेव कसोटी खेळत होते. हा सामना इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला.

कोलकात्यातील दुसरी कसोटी अनिर्णित राहिली. फेब्रुवारी १९३४ मध्ये चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथे झालेल्या तिसऱ्या कसोटीत व्हेरिटी यांनी पहिल्या डावात ४९ धावांत ७ आणि दुसऱ्या डावात १०४ धावांत ४ असे एकूण ११ बळी घेतले व इंग्लंडने २०२ धावांनी विजय मिळवला. तीन कसोटींत त्यांना २३ बळी मिळाले. चेन्नईत पाऊस त्यांच्या मदतीला आला नव्हता, म्हणून त्यांच्या कौशल्याचे मूल्यमापन करताना या दौऱ्याला विशेष महत्त्व आहे.

१९३६ मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा मँचेस्टरच्या कसोटीत व्हेरिटी यांनी नाबाद ६६ धावा केल्या. ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या होय. याच सामन्यात विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी व्हेरिटी यांचा समावेश असलेल्या इंग्लंडच्या माऱ्यासमोर २०३ धावांची सलामी दिली.

लॉर्ड्‌स कसोटी, १९३४

ऑस्ट्रेलियाविरुद्धची १९३४ ची लॉर्ड्‌स कसोटी ही व्हेरिटी यांच्या कसोटी कारकिर्दीतील सर्वोच्च कामगिरी मानली जाते. इंग्लंडच्या ४४० धावांना उत्तर देताना शनिवारअखेर ऑस्ट्रेलियाने २ बाद १९२ धावा केल्या होत्या. त्या दिवशी डॉन ब्रॅडमन यांना व्हेरिटी यांनी स्वतःच्याच गोलंदाजीवर झेल घेऊन ३६ धावांवर बाद केले होते. सामन्यास विश्रांती असलेल्या काळात पाऊस पडला. सोमवारी, २५ जून रोजी, ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव २८४ धावांवर संपला. फॉलोऑननंतरचा दुसरा डाव ११८ धावांत आटोपला. व्हेरिटी यांनी त्या एका दिवसात १४ आणि सामन्यात १०४ धावांत १५ बळी मिळवले. इंग्लंडने एक डाव व ३८ धावांनी विजय मिळवला. विसाव्या शतकात लॉर्ड्‌सवर इंग्लंडने ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकलेला हा एकमेव कसोटी सामना होता. त्यानंतर असा विजय मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटीत एका सामन्यातील सर्वोत्तम गोलंदाजीचा ऱ्होड्स यांचा १९०४ मधील विक्रम (१२४ धावांत १५ बळी) या कामगिरीने मागे पडला. व्हेरिटी यांचा हा विक्रम पुढे १९५६ मध्ये जिम लेकर यांनी मोडला.

शैली आणि मूल्यमापन

व्हेरिटी उंच होते आणि चेंडू उंचावरून सोडत. नेहमीच्या मंदगती फिरकी गोलंदाजांपेक्षा त्यांचा वेग थोडा अधिक असे. चेंडूचा टप्पा आणि दिशा यांवरील नियंत्रण हे त्यांचे प्रमुख बलस्थान होते. ओल्या खेळपट्टीवर त्यांचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर झपाट्याने वळत असे, तर कोरड्या व कठीण खेळपट्टीवर ते धावा रोखून फलंदाजाला चूक करण्यास भाग पाडत. पाठोपाठच्या चेंडूंमध्ये अचानक टाकलेला वेगवान चेंडू हेही त्यांचे एक अस्त्र होते.

त्या काळी सामना सुरू झाल्यावर खेळपट्टी पावसापासून पूर्णपणे झाकण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे व्हेरिटी यांची मोठी कामगिरी निसर्गाच्या कृपेने झाली आणि चांगल्या खेळपट्टीवर ते चेंडूला पुरेशी उंची देत नसत, अशी टीका त्यांच्यावर होत असे. टीकेचा पहिला भाग काही सामन्यांपुरता खरा आहे. हेडिंग्लेचे १० बळी आणि लॉर्ड्‌सचे १५ बळी पावसानंतरचेच होते. मात्र तशाच ओल्या खेळपट्ट्या त्या काळातील इतर फिरकी गोलंदाजांनाही मिळत होत्या. शिवाय ऑस्ट्रेलियातील फलंदाजीस पोषक खेळपट्ट्यांवरही व्हेरिटी यांनी आपली जागा टिकवून ठेवली. ब्रॅडमन यांना त्यांनी कसोटी सामन्यांत ८ वेळा बाद केले. कसोटीत अन्य कोणत्याही गोलंदाजाला ब्रॅडमन यांचा बळी इतक्या वेळा मिळालेला नाही.

त्यांच्यावर हल्ला चढवणारे फलंदाज मोजकेच होते. १९३५ मध्ये शेफील्ड येथे दक्षिण आफ्रिकेच्या संघाचे यष्टिरक्षक हॉरेस कॅमेरॉन यांनी त्यांच्या एका षटकात तीन चौकार व तीन षटकार मारून ३० धावा वसूल केल्या. त्यावर यॉर्कशायरचे विनोदी यष्टिरक्षक आर्थर वूड यांनी व्हेरिटी यांना धीर देताना, चौकार मारावा की षटकार या संभ्रमात तुम्ही फलंदाजाला पाडले आहे, असा शेरा मारल्याचा किस्सा क्रिकेटविश्वात प्रसिद्ध आहे.

खालच्या क्रमांकावरील उपयुक्त फलंदाज म्हणूनही त्यांचा लौकिक होता. प्रथम श्रेणीत त्यांनी ५,६०५ धावा केल्या, त्यात एका शतकाचा समावेश आहे. १९३६-३७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ॲडलेड कसोटीत त्यांना सलामीला पाठवण्यात आले होते.

१९३५ ते १९३९

१९३५, १९३६ आणि १९३७ या सलग तीन हंगामांत व्हेरिटी यांनी अनुक्रमे २११, २१६ आणि २०२ बळी मिळवले. एका हंगामात दोनशे बळी घेण्यासाठी हजाराहून अधिक षटके टाकावी लागत. मे ते सप्टेंबर या काळात दर दोन-तीन दिवसांनी नव्या गावी जाऊन हे काम करावे लागे. दहा हंगामांत राष्ट्रीय सरासरीच्या यादीत त्यांचा क्रमांक पाचव्याच्या खाली कधीही गेला नाही. १९३० या पहिल्या आणि १९३९ या अखेरच्या हंगामात ते या यादीत अग्रस्थानी होते. १९३८-३९ च्या हिवाळ्यात ते इंग्लंडच्या संघासह दक्षिण आफ्रिकेत गेले. कालमर्यादा नसलेली आणि दहाव्या दिवशी अनिर्णित सोडून द्यावी लागलेली डर्बन कसोटी याच दौऱ्यातील होती.

त्यांचा अखेरचा प्रथम श्रेणी सामना होव्ह येथे ससेक्सविरुद्ध झाला. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. त्याच दिवशी ओल्या खेळपट्टीवर व्हेरिटी यांनी ६ षटकांत ९ धावा देऊन ७ बळी घेतले आणि ससेक्सचा दुसरा डाव ३३ धावांत संपला. यॉर्कशायरने काउंटी अजिंक्यपद आधीच निश्चित केले होते. सामना संपल्यावर संघ मोटारीने उत्तरेकडे परतला आणि खेळाडू आपापल्या घरी गेले. तो संघ पुन्हा त्या स्वरूपात कधीच एकत्र आला नाही.

लष्करी सेवा आणि मृत्यू

युद्धाची शक्यता दिसू लागल्यापासून व्हेरिटी लष्करी विषयांवरील पुस्तकांचा अभ्यास करत होते. युद्ध सुरू झाल्यावर ते यॉर्कशायरच्या ग्रीन हॉवर्ड्‌स या पलटणीत दाखल झाले आणि कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. काउंटी संघात व्यावसायिक या नात्याने त्यांना नेतृत्वाची संधी मिळाली नव्हती. सैन्यात मात्र त्यांच्याकडे एका तुकडीची धुरा आली. १९४२ मध्ये त्यांची बटालियन भारतात आली व रांची येथे तिचा तळ होता. तेथे त्यांना आमांशाने ग्रासले. त्यानंतर बटालियन इराण, सीरिया आणि इजिप्तमार्गे भूमध्य समुद्राच्या आघाडीवर गेली.

जुलै १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा सिसिलीत उतरल्या. १९ जुलैच्या रात्री कातानियाच्या मैदानी प्रदेशात जर्मन ठाण्यांवर चढाई करताना व्हेरिटी यांच्या छातीला गंभीर दुखापत झाली. त्यांच्या तुकडीला माघार घ्यावी लागली आणि ते जर्मनांच्या हाती सापडले. युद्धकैदी म्हणून त्यांना इटलीच्या मुख्य भूमीवर नेण्यात आले. कासेर्ता येथील रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. परंतु ३१ जुलै १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. कासेर्ता येथील युद्ध दफनभूमीत त्यांची समाधी आहे. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघालेल्या इंग्लंडच्या संघाने वाटेत या समाधीस भेट दिली. त्या संघाचे कर्णधार लेन हटन हे व्हेरिटी यांचे यॉर्कशायरमधील कनिष्ठ सहकारी होते. १९५२ मध्ये ते आधुनिक काळातील इंग्लंडचे पहिले व्यावसायिक कर्णधार झाले होते.

वारसा

व्हेरिटी यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये १६४ वेळा एका डावात पाच किंवा अधिक आणि ५४ वेळा एका सामन्यात दहा किंवा अधिक बळी घेतले. त्यांचे पूर्वसुरी ऱ्होड्स बावन्न वर्षांचे होईपर्यंत खेळले. व्हेरिटी शेवटचा सामना खेळले तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. युद्ध झाले नसते तर त्यांचे बळी किती झाले असते, याचे उत्तर देता येत नाही. पण त्यांच्या सरासरीत अखेरच्या हंगामापर्यंत उतार दिसत नाही, हे नोंदींवरून स्पष्ट होते. युद्धानंतर यॉर्कशायरच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजीची परंपरा जॉनी वॉर्डल यांनी पुढे चालवली.